फोटो छोटा करा, पण मूळ फाइल जपा

संपादक महोदय,

फोटोची साइज कमी केली की तो खराब होणारच असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाहीये; खरी चूक होते ती मूळ फाइलवरच सेव्ह करण्यात. वडिलांचा एक फोटो मी छोटा करून मूळ फाइलवरच सेव्ह केला आणि नंतर फ्रेमसाठी मोठा करायला गेले तर भुवया, चष्म्याची काडी सगळं चौकोन चौकोन झालेलं, कारण गेलेले पिक्सेल (फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो ते) परत येत नाहीत, सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून नुसता अंदाज बांधतं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून आधी कॉपी करते, मगच हात लावते.

दुसरं म्हणजे जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल. ती ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबून छोटी केली जाते आणि एडिट करून दरवेळी सेव्ह केलं की थोडा तपशील उडतो (नुसती उघडून बघितल्याने काही होत नाही, ती भीती उगाच आहे), म्हणून काम चालू असेपर्यंत टिफ किंवा पीएनजीत (या प्रकारच्या फाइलींत सेव्ह करताना सहसा तपशील उडत नाही) ठेवा आणि जेपेग अगदी शेवटी एकदाच करा. प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पुरतात. आणि लांबी-रुंदीचं प्रमाण लॉक ठेवा, नाहीतर चेहरे चपटे दिसतात.

– एक वाचक