सईचा निबंध आणि सुप्याच्या जळालेल्या वह्या

बोल्टन, इंग्लंड, ३ ऑगस्ट

प्रिय संज्या,

आमच्या लेकीचा, सईचा, निबंध परवा रात्री स्पर्धेला गेला एकदाचा. फोनवर तुला अर्धवटच सांगितलं होतं म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची रॉबसन हिस्टरी प्राइझ. तिथले इतिहासाचे फेलो रॉबर्ट रॉबसन यांच्या नावाने २००७पासून देतात. इकडच्या इयर ट्वेल्व्हच्या, म्हणजे आपल्या अकरावीच्या वयाच्या पोरांसाठी असते. प्रश्नांची यादी कॉलेज देतं, त्यातला एक निवडायचा आणि २,००० ते ४,००० शब्द लिहायचे, तळटीपा धरून. तळटीपा, संज्या! अकरावीत!

आधी ती राजकारणाच्या निबंधाकडे वळणार होती, त्या बक्षिसाला इथल्या रॅब बटलर या राजकारण्याचं नाव आहे. हा माणूस जन्मला तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या, आत्ताच्या पाकिस्तानातल्या अटक गावी, १९३५चा इंडिया अ‍ॅक्ट पार्लमेंटातून पुढे नेण्यात त्याचा हात, पुढे ट्रिनिटीचा मास्टर, म्हणजे कॉलेजचा प्रमुख, झाला. पण मग यादीत शेतकऱ्यांच्या उठावाशी जोडता येईल असा एक प्रश्न तिला दिसला आणि तिने मला विचारलं, बाबा, तुमच्या संजयकाकांच्या तिकडे काहीतरी झालं होतं ना?

पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं सुपे, १२ मे १८७५. आपण शाळेत काय शिकलो? सावकार माजले, शेतकऱ्यांनी त्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, दोन मार्क. सई तिथे थांबलीच नाही. सावकार इतकं कर्ज देत कसे होते, हा तिचा पहिला प्रश्न. तर १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, गिरण्यांना कापूस हवा म्हणून मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसे देत गेले आणि सावकार शेतकऱ्यांना. १८६५ला यादवी संपली, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडले, आणि त्यातच १८६७च्या सुमारास सरकारने शेतसारा ५० ते १०० टक्के वाढवला. मग दंगलीनंतर सरकारचं चौकशी कमिशन बसलं, त्याचा रिपोर्ट १८७८ला इथल्या पार्लमेंटपुढे आला, आणि त्यात ठपका सावकारावर, शेतसाऱ्यावर नाही! सईचा सगळा निबंध या एका जागेवर उभा आहे, की चौकशी करणारा स्वतःच शेतसारा घेणारा असेल तर त्याची साक्ष कशी वाचायची. मी ते वाचलं आणि बराच वेळ काही बोललोच नाही.

आमच्या मागच्या खिडकीतून एका जुन्या कापडगिरणीचं धुराडं दिसतं. दहा वर्षं बघतोय मी ते. कापूस नाही म्हणून त्या चार वर्षांत इथले गिरणी कामगार उपाशी मरत होते आणि त्याच वर्षांत भीमथडीत कर्ज सहज मिळत होतं, हे एकाच गोष्टीचं दुसरं टोक आहे हे मला माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने दाखवलं.

आणि तू त्या रविवारी गाडी काढून सुप्याला गेलास, पेठेचे फोटो पाठवलेस, त्याचे तुझे आभार मानू तेवढे थोडे. ते फोटो निबंधात नाहीत, पण तिच्या टेबलासमोर लावलेत, म्हणते की लिहिताना आपण खऱ्या गावाबद्दल लिहितोय हे विसरायला नको.

मला नववीत निबंधाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, आठवतं? पाऊस, बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला, आम्ही चाळीस जणांनी तोच लिहिला. मला काय वाटतं हे कोणी विचारलंच नाही, आणि हे मला अजून लागतं रे.

म्हणून एक सुचलंय. इथे पहिलं बक्षीस ६०० पौंडांचं, दुसरं ४००चं, पण त्यातलं अर्धं मुलाला आणि अर्धं त्याच्या शाळेला, पुस्तकांच्या टोकनच्या रूपात. मला ही अट फार आवडली. आपण तुझ्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीसाठी असंच करू. पाच हजार मी पाठवतो, अडीच लिहिणाऱ्याला, अडीच लायब्ररीला. प्रश्न चारपाचच ठेवू, आणि मुलांना दोन महिने द्यायचे, घरी, गावात विचारून यायला. मुख्याध्यापकांशी दिवाळीआधी बोलशील का? सईने एक प्रश्न आत्ताच काढून ठेवलाय: तुमच्या गावात कर्जाचा सगळ्यात जुना कागद कोणाच्या घरी आहे, आणि तो त्यांनी का जपून ठेवलाय?

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद