सर, स्वित्झर्लंडची मॅच अन् आमच्या व्हॉलीबॉलच्या टीमसाठी थँक्यू

सर, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुमी "बस झालं बे, पाऊस कसा हाय तिकडं" म्हणून विषयच बदलवता, म्हणून इथं सगळ्याईसमोर लिहून रायलो. रागवाचं तं रागवा.

आमच्या यवतमाळकडच्या गावात टेनिस म्हटलं की पोराईले टेनिस बॉलची क्रिकेटच आठवते. डेव्हिस कपमधी (देशादेशाच्या टीमाईची टेनिस स्पर्धा) वर चढनं, खाली घसरनं काय असते थे तुमीच पानठेल्यावर कागदावर मांडून सांगतलं. 2023 च्या फेब्रुवारीत आपला भारत डेन्मार्कशी 2-3 हारला अन् खालच्या गटात, वर्ल्ड ग्रुप टू मधी पडला, मंग लखनौले मोरोक्को 4-1, इस्लामाबादले पाकिस्तान 4-0, वर आलो नाही तं स्टॉकहोमले स्वीडननं 0-4 धुतलं, पुन्हा प्लेऑफ (गटातली जागा टिकवाची लढत), दिल्लीत टोगो 4-0. स्वीडनच्या टायमाले मी लय बोंबललो होतो, डबल्सवाल्या बालाजीले सिंगल्स काहून खेळवलं म्हणून. तुमी एवढंच म्हणले, "सिंगल्सवाल्या सुमित नागलची पाठ धरली होती, मंग बाकी कोन होतं थे पाय, शिव्या मंग दे."

तवापासून मी बॉल कमी अन् कॅप्टनची खुर्ची जास्त पायतो. डेव्हिस कपमधी कॅप्टन कोर्टाच्या बाजूलेच बसते, साइड बदलताना खेळाडूशी बोलते. पन खरी झंझट पयलेच झाली असते, कोनाले खेळवायचं अन् कोनाले बसवायचं.

2025 च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडच्या बिएलले आपल्या कॅप्टननं, रोहित राजपालनं रँकिंगमधी वर असलेल्या आर्यन शाहले बसवलं अन् पयल्यांदाच डेव्हिस कप खेळनाऱ्या दक्षिणेश्वर सुरेशले उतरवलं. मी फवारनीचा पंप खाली ठेवून मोबाईलवर स्कोअर पायत होतो, त्यानं स्विस जेरोम किमले हरवलं, 7-6, 6-3! बाप्पा! मंग नागलनं त्याईच्या हुसलरले पाडलं. दुसऱ्या दिवशी डबल्स गेली, स्विसवाल्याईनं किमच्या जागी हेन्री बर्नेट आनला, थो ज्युनिअर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला पोरगा, नागलनं त्याले 6-1, 6-3 नं काढलं. 3-1 नं आपन जिंकलो. युरोपात जाऊन युरोपच्या टीमले हरवनं 1993 मधी फ्रान्सले हरवल्यावर आताच जमलं.

पन सर, माझं काम झालं थे वेगळंच. आपल्या व्हॉलीबॉलच्या टीममधी मॅचच्या सकाळी नावं सांगतली की भांडनं ठरलेली, याचा काका त्याचा मामा सगळे मैदानात. तुमी म्हणले, डेव्हिस कपचा ड्रॉ आदल्या दिवशी निघते, तू बी आदल्या संध्याकाळी सांग, अन् ज्याले बसवनार त्याच्या घरी पयले जा. तालुक्याच्या मॅचच्या आदल्या दिवशी गेलो. पोरगा काहीच बोलला नाही, त्याच्या आईनं चहा ठेवला, तिलेच जास्त राग आला होता. "माह्या पोराले काय झालं?" म्हने. चहा पिऊ पिऊ समजावलं. सकाळी थोच पोरगा नेट बांधाले सगळ्याईच्या पयले हजर होता. हे मले कोनत्या कोचिंगच्या पुस्तकात भेटलं असतं?

2026 च्या फेब्रुवारीत बंगळूरले नेदरलँड्सशी क्वालिफायर ठरली, म्हंजे वरच्या फेरीत जायाची लढत. त्याच्या आंधी हुरड्याले शेतात या, काकूलेबी आना. पयली सिंगल्स कोनाले द्यायची थे तिथंच भांडू. माह्यं मत दक्षिणेश्वर, तुमचं काय थे मले मालूम हाय.