बॅटरी भरलेली आहे, असं सांगतंय कोण?

प्रिय मन्या,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. सोबत पाठवलेली दोन्ही प्रकरणं नीट वाचायची होती, म्हणून उत्तर लांबलं. विषय एकच: बॅटरीवर चालणारी उपकरणं, म्हणजे नोड, एकमेकांचे निरोप पुढे देत चालवतात ती बिनतारी जाळी. चौथं ऊर्जाबचतीचं, पाचवं सुरक्षेचं. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. माझं भांडण त्या दोघांमधल्या भिंतीशी आहे.

पण आधी एक चूक दाखवतो. "एका लांब उडीपेक्षा छोट्या उड्या नेहमीच स्वस्त," असं तू लिहिलंयस (उडी म्हणजे एका नोडकडून दुसऱ्याकडे थेट पाठवणं). त्यातला 'नेहमीच' खोड. लीच हा ऊर्जा वाचवणारा प्रोटोकॉल (जाळ्यातल्या देवाणघेवाणीचे नियम) मांडताना हाइनझेलमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली जे साधं रेडिओ मॉडेल वापरलं, तेच घे: सर्किटला, पाठवताना असो वा ऐकताना, बिटमागे ५० नॅनोज्यूल, पाठवताना ॲम्प्लिफायरला आणखी १०० पिकोज्यूल गुणिले मीटरमधल्या अंतराचा वर्ग. १०० मीटरवर थेट पाठवलं तर बिटमागे १०५० नॅनोज्यूल. बरोबर मध्ये एक नोड घेतला तर दोनदा पाठवायचे ६०० आणि मधल्याचे ऐकायचे ५०, म्हणजे ६५०. (शेवटच्याचा ऐकण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच, तो सोडून दिला.) आता हेच २० मीटरवर करून बघ: थेट ९०, मध्यस्थ घेतला तर १७०. मधला माणूस फुकट राबत नाही! शिवाय काही न करता नुसता कान देऊन बसलेला वायफाय रेडिओही जवळजवळ ऐकण्याइतकीच वीज खातो. त्याला झोपवलं तर मार्ग बदलून वाचते त्याहून जास्त वाचू शकते.

माझ्या पहिल्या सिम्युलेशनची फजिती तुला सांगितली नव्हती. दर पॅकेटला (माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला) सर्वांत कमी ऊर्जेचा मार्ग निवडत गेलो. एकूण खर्च उतरला, मी खूश. मग बघतो तर मधोमध बसलेला एकच नोड सगळ्यांचं ओझं वाहून आधी मेला आणि जाळ्याचे दोन तुकडे झाले. बाकीच्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या, पण बोलणार कुणाशी? सिंग, वू आणि राघवेंद्र यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं की पॅकेटमागचा खर्च पुरेसा नाही, जाळं कधी तुटतं तेही मोजा. मी तो लेख नंतर वाचला.

म्हणून उरलेली बॅटरी बघून मार्ग निवडायचा, हा तुझा उपाय मला पटतो. पण बॅटरी किती उरली हे सांगतं कोण? तो नोडच! एओडीव्ही या मार्ग शोधण्याच्या प्रोटोकॉलमध्ये कृष्णविवर हल्ला करणारा नोड मार्गाचा ताजेपणा सांगणारा क्रमांक फुगवून "माझा मार्ग सगळ्यांत ताजा" म्हणतो आणि आलेली पॅकेटं गिळतो. तुझ्या प्रोटोकॉलने त्याला आणखी एक थाप हाती दिली: "माझी बॅटरी भरलेली आहे." उलट एखादा कामचुकार "माझी संपत आली" म्हणून अंग काढून घेईल. पाचव्या प्रकरणातली डिजिटल स्वाक्षरी इथे कामाची नाही. कोण बोललं ते ती सांगेल, खरं बोललं का ते नाही.

वॉचडॉग लावू म्हणतोस. २००० सालची ती कल्पना मलाही आवडते: शेजाऱ्याने आपलं पॅकेट पुढे दिलं का, ते ऐकत राहायचं. पण ऐकायचं तर जागं राहायला हवं, आणि चौथ्या प्रकरणात तू त्याच नोडला झोपवलंयस! हल्लेखोराला तर काही फोडायचीही गरज नाही. स्ताजानो आणि अँडरसन यांनी १९९९ मध्ये दाखवलं तसं, नोडला सतत जागं ठेवलं की बॅटरी संपून तो आपोआप मरतो. खोट्या स्वाक्षऱ्यांचा मारा केला तर त्या तपासण्यातही वीज जातेच.

तेव्हा दोन्ही प्रकरणं एक कर, पानं कमी झाली तरी चालतील. बॅटरीचा आकडा नोडच्या तोंडून आला तसाच घेऊ नकोस. शेजारी जागे असताना त्याने किती पॅकेटं पुढे दिलेली ऐकू आली, त्यावरून किमान किती खर्च झाला असेल ते काढ आणि त्याच्या दाव्यावर तेवढी कात्री लाव. अंदाज ढोबळ येईल, पण निदान खोटारड्याला फुकटात भरलेली बॅटरी मिरवता येणार नाही. मग दहातला एक नोड खोटं बोलणारा ठेवून जाळं कधी तुटतं ते बघ. शेजाऱ्यांना आळीपाळीनेच जागं ठेव, नाहीतर तो खर्चच सगळी बचत खाऊन टाकेल.

आलेख तयार झाला की लगेच पाठव. सरासरी नको, प्रत्येक नोडचा वेगळा.

तुझा,
अव्या