शक्तिमानच्या केबिनसाठी मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आमच्या शक्तिमान या जुन्या लष्करी ट्रकची केबिन पुन्हा चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) बसली असून दोन्ही दारे जराही धक्का न देता लागतात. हे श्रेय आपले आहे. समोर आभार मानले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला तयार झालेल्या या ट्रकचे इंजिनाचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत चार दुकाने फिरल्यावर, किंवा नशीब असेल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात, मिळूनही जातात. केबिनचा पत्रा मात्र विकत मिळत नाही; तो हातानेच घडवावा लागतो. आपल्याआधी ज्या गॅरेजला गाडी दाखवली होती, तिथे गंजक्या तळावरच नवा पत्रा ठोकून वर पुटी (खड्डे बुजवायचा लेप) भरून देण्याची तयारी होती आणि काम आठवड्याभरात उरकणार होते.

आपण मात्र लहानशी हातोडी घेऊन तळ, दाराखालची पट्टी आणि काचेच्या चौकटीची खालची कड ठोकत गेलात. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलला तिथे आपण खडूने रेघ ओढलीत. वरून तळहाताएवढा दिसणारा गंज त्या रेघांमध्ये कितीतरी मोठा निघाला. दोन पत्रे एकावर एक ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंग (ठिपक्याठिपक्यांनी केलेली जोडणी) केलेले असते, त्या फटीत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो पत्रे आतून फाकवतो आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी पाणी आत घेतो. त्यावर तिसरा पत्रा चढवला असता, तर पाण्याला आणखी एक फट आयती मिळाली असती.

कापण्याआधी आपण दारांच्या चौकटींत लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्ड करून घेतलेत. तळ कापला की केबिनला धरून ठेवणारे फारसे काही उरत नाही, आणि चौकट बोटभर फाकली तरी दार पुन्हा नीट लागत नाही, हे कारण मी विचारल्यावरच आपण सांगितलेत. (मी विचारल्याशिवाय आपण काहीच सांगत नाही, ही माझी एकमेव तक्रार.) नंतर १८ गेजचा (साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा) नवा पत्रा बसवताना सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेल्या) वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, आणि मध्ये हात लावून पाहणे, चटका बसला तर थांबणे. एका दमात वेल्डिंग ओढले तर पातळ पत्रा तापून पसरतो, थंड होताना आकसतो आणि त्याला लाटा येतात, ज्या लपवायला शेवटी पुटीच भरावी लागते. ग्राइंडर फिरवल्यावर सांध्यावरून बोट फिरवले, तर जुना पत्रा कुठे संपला ते मला कळले नाही.

जुन्या रंगात शिसे असू शकते म्हणून तो कोरडा घासू न देणे, एकमेकांवर येणाऱ्या पत्र्यांना आतून झिंक प्रायमर (गंज रोखणारे जस्ताचे अस्तर) लावल्याशिवाय ते जोडू न देणे, हा आपला कटाक्ष शेवटपर्यंत टिकला. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके रंगाच्या थरांनी आणि मातीने पार बुजली होती. ती आपण तारेने एकेक मोकळी केलीत. दारे खालून का सडली, याचे उत्तर त्या वाळलेल्या चिखलात होते. हे सगळे काम आता सीलर आणि इपॉक्सी प्रायमरखाली झाकले गेले आहे आणि गाडी पाहायला येणाऱ्यांना त्यातले काहीच दिसत नाही, म्हणूनही ते इथे सविस्तर नोंदवले.

आता प्रश्न रंगाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव असल्याने तो आपल्याला देता येणार नाही. मी राखाडी म्हणतो, घरचे मातकट म्हणतात. आपण एकदा येऊन पाहावे आणि ठरवावे. तोवर रंगाचा डबा आणणार नाही.

आपला ऋणी,
कोथरूडचा शक्तिमानवाला