बाळाच्या हाकेला ओ

तांपेरे, फिनलंड

ती. आईस सा. नमस्कार,

बारशाचे फोटो पाहिले. बाळाचं जावळ अगदी बाबांसारखं दाट आहे. बाळंतपणानंतर शुभाचा चेहरा मात्र फार ओढलेला वाटला. फोनवर नीट बोलणं होत नाही, तुझं एक लक्ष शेगडीकडे आणि बावड्यातलं कुणी ना कुणी बाळ बघायला आलेलं. म्हणून पत्र लिहितेय. दुपारी निवांत वाच आणि शुभालाही वाचून दाखव.

रविवारी तू म्हणालीस, "रडलं की लगीच उचलायचं नाही, हाताची सवय लागती." आई, एवढं मात्र सोडून दे. पहिल्या काही महिन्यांत बाळ हट्टानं रडत नाही, तेवढं त्याला कळतच नाही. भूक, ओलं दुपटं, झोप, नाहीतर नुसती माणसाची ऊब, यांतलं काहीतरी त्याला हवं असतं आणि ते सांगायला रडण्याशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नाही. त्यानं हाक दिली आणि कुणी ओ दिली, असं शंभरदा झालं की आपलं कुणीतरी आहे हे त्याच्या मनात पक्कं बसतं. ज्या पोराला ही खात्री असते तेच पुढे धीटपणे रांगत लांब जातं. दरवेळी पाजायलाच हवं असं नाही. उचलून छातीशी धरलं, नुसता आवाज दिला तरी ती ओच असते.

आता थोड्या दिवसांत बाळ ओळखीचं हसू लागेल, मग 'आगू आगू' सुरू होईल. तेव्हा त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन आपणही काही बोलायचं आणि मग थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. मोठ्या माणसाला तेवढा दम निघत नाही, पण बाळाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. ते पाय झाडेल, ओठ हलवेल, मग हुंकार देईल. मेंदू सगळ्यात झपाट्यानं वाढतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि त्याची जोडणी होते ती याच देवाणघेवाणीतून. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. तू पायांवर घेऊन अंघोळ घालताना त्याच्याशी जे अखंड बोलतेस ना, तेच इथे नव्या आईबापांना बसवून शिकवतात.

इथे नेउवोला नावाचा माता-बालक दवाखाना असतो. 1944 च्या कायद्यानं तो प्रत्येक नगरपालिकेला बंधनकारक झाला. सरकार बाळंतविड्यासारखी कपड्यांची पेटी देतं, ती 1938 पासून गरीब आयांना आणि 1949 पासून सगळ्यांना. त्यासाठी गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. 1938 च्या सुमारास इथे हजारातली साठाहून जास्त बाळं वर्षाच्या आत दगावत, आता दोनच्या आसपास. नुसत्या पेटीनं पोरं वाचली असं नाही, पण पेटीच्या निमित्तानं आया दवाखान्यात आल्या आणि तिथे शिकल्या. बाळाच्या चौथ्या महिन्याच्या मोठ्या तपासणीला तर बापालाही बोलावतात. आमच्या सईच्या वेळी नर्सनं तिच्या बाबाला वेगळं विचारलं होतं, झोप होते का, घरात मदतीला कोण आहे, बाळासोबत एकट्याला राहायला भीती वाटते का.

आणि आई, हे फक्त परदेशातच होतं असं समजू नकोस. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यानं बालमृत्यू किती कमी झाले ते 1999 मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, त्याचं मूळ या कामात आहे. तिला चहा पाजून वाटेला लावू नकोस. समोर बसव आणि सगळं विचार.

काही गोष्टी मात्र बंद कर, माझ्यावर रागावलीस तरी चालेल. बाळगुटी नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. मध तर वर्षाचं होईपर्यंत बोटावरसुद्धा नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला लकवा मारू शकतो. डोळ्यांत काजळ नको, नाकाकानात तेल नको, धुरी नको. तीट हवी तर तळपायाला लाव. तुझी मालीश उत्तमच आहे, हात फक्त हलका ठेव. झोपवायचं ते पाठीवर, आजूबाजूला उशी किंवा गोधडीचा ढीग नसावा. जागं असताना मात्र कुणीतरी समोर बसून पोटावर ठेवा, दिवसभरात थोडं थोडं करून अर्धा तास. मान त्यानंच भक्कम होते. आणि मोबाईल अजिबात नको, जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या आतल्या बाळासाठी तो शून्यच सांगते. शुभाला म्हणावं, पाजताना फोन बाजूला ठेव, बाळ तेव्हा तुझ्याच तोंडाकडे बघत असतं.

शुभाची काळजी मला बाळाहून जास्त वाटते. इथे बाळंतिणीला एक प्रश्नावली देतात. रडू येतं का, कशात मन रमतं का, स्वतःला इजा करावी असं मनात येतं का, असं सरळ विचारतात. पहिल्या आठवड्यात हळवं होणं नेहमीचंच. पण दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडू नकोस, डॉक्टरांकडे ने. आई खचली की ओ द्यायला बळ राहत नाही. रात्रीची सलग चार तासांची झोप तिला मिळू दे, तेवढा वेळ तिचंच काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं दुसरं कुणी पाजेल.

दुसरं कुणी म्हणजे जावईबापू. ते रविवारी येतात, पाहुण्यासारखे खुर्चीवर बसतात आणि बाळ रडलं की शुभाकडे देतात. त्यांना दुपटं बदलायला लाव, ढेकर काढायला लाव. पहिल्यांदा हात थरथरतील, पण लाजून कसं चालेल? बाबांनाही सांग, तालमीच्या कट्ट्यावर जायच्या आधी अर्धा तास नातवाला मांडीवर घ्या. खासबागेतल्या कुस्त्या सांगितल्यात तरी चालेल, त्याला आजोबांचा आवाज हवाय.

आशाताईचा बेचाळिसावा दिवस जवळ आलाय. त्या दिवशी जावईबापूंना रजा काढायला सांग. वजन कार्डावर लिहून घ्या, दीड महिन्याच्या लसी कधी ते विचारा, आणि शुभाच्या झोपेबद्दल मी वर लिहिलंय ते आशाताईसमोरच बोला. वजन किती भरलं ते मला त्याच दिवशी कळव.

बाबांना नमस्कार, शुभाला आणि बाळाला पापा.

तुझी,
मंजू