मिस्सेआधीचं पोट, मिस्सेनंतरचं टेबल

मा. संपादक,
स. न.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार जवळ आला की ठाण्यातल्या चर्चच्या आवारांतून चालायला निघणाऱ्यांचे गट जमू लागतात. कुणी तलावपाळीला फेऱ्या मारतं, कुणी पोखरण रोडवरून उपवन गाठतं, दमदार मंडळी येऊरच्या फाटकापर्यंत चढतात. ईस्टर झाला की यातले बरेच गट विरतात आणि खापर आळसावर फुटतं. आमच्या मते आळसापेक्षा आखणी चुकते, आणि ती मुख्यतः दोन ठिकाणी: मिस्सेआधीच्या (चर्चमधल्या उपासनेआधीच्या) पोटात आणि मिस्सेनंतरच्या टेबलावर.

आधी पोट. पहाटे काहीही न खाता चालायचं आणि तसंच मिस्सेला बसायचं, हा कित्येक ज्येष्ठांचा नेम. कम्युनियनआधी, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी, मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, हा जुना दंडक मनात पक्का बसलेला असतो. तो 1957 साली तीन तासांवर आला आणि 1964 साली एका तासावर. हा तासही कम्युनियनपर्यंतचा मोजायचा, मिस्सेच्या घंटेपर्यंतचा नव्हे. पाण्याने आणि औषधाने तो मोडत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे यांना तर कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) 919व्या कलमाने तेवढीही अट ठेवलेली नाही. सातच्या मिस्सेत कम्युनियन पावणेआठच्या सुमारास येतं. म्हणजे सहाला निघून साडेसहाला परतलेला धडधाकट माणूसही पावणेसातपर्यंत निवांत केळं खाऊ शकतो. फादरांनी हे वर्षातून एकदा वेदीवरून सांगितलं तर शंभर पत्रकांचं काम होईल.

हे सांगायचं कारण मधुमेह. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी चालणं धोक्याचं. रक्तातली साखर एकदम उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस उगाच चिडतो, बोलणं असंबद्ध होतं. बरोबरचे लोक ऊन लागलं समजून नुसतं पाणी पाजतात. साखर 70 च्या खाली गेली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. तपासायचं यंत्र जवळ नसेल तरी लक्षणं दिसताच साखर द्यावी. चॉकलेट किंवा क्रीमचं बिस्कीट इथे कामाचं नाही. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, सरळ 108 ला फोन करावा. गटातल्या निदान दोघांच्या खिशात ग्लुकोजची पुडी असलीच पाहिजे.

आता टेबल. 70 किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण 120 ते 130 कॅलरी खर्च होतात. मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये मिळणारा एक मोठा समोसा त्याच्या दुप्पट भरतो, वर दोन चमचे साखरेचा चहा. चालण्याने रक्तदाब, साखर, झोप सुधारते, उतरलेलं वजन टिकायलाही मदत होते. पण वजन उतरतं ते मुख्यतः ताटात. म्हणून सर्वांत स्वस्त सुधारणा चहाची: पातेल्यात साखर घालूच नये, बाजूला वाटी-चमचा ठेवावा. पातेलंच गोड असलं की कमी साखर हवी असणाऱ्याला पर्याय राहत नाही.

समोशाऐवजी काळे चणे. पन्नास माणसांना दोन किलो पुरतात. माणशी 40 ग्रॅम कोरडे, म्हणजे जवळपास आठ ग्रॅम प्रथिनं. शनिवारी रात्री भिजत घालावेत, सकाळी पाणी बदलून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या कराव्यात. कांदा, मीठ, लिंबू वाढायच्या वेळीच. तासभर आधी कालवून ठेवलं की कांद्याला पाणी सुटतं, चणे लिबलिबीत होतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा समोसा येतो. अंडी उकडणार असाल तर सालासकट आणावीत, खाताना सोलावीत आणि दोन तासांत संपवावीत. बंद हॉलमधल्या उकाड्यात तर त्याहूनही कमी वेळ ठेवावीत.

सणाच्या जेवणावर बंदी नको. बंदी घातली तर लोक गट सोडतील, सरपोटेल (डुकराच्या मटणाचं व्हिनेगर घातलेलं कालवण) सोडणार नाहीत. ते नाहीतरी आदल्या दिवशी करून मुरवतात. रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की चरबीचा पांढरा थर वर थिजतो, तो चमच्याने काढून मग गरम करावं. चवीला काही फरक पडत नाही, कारण चव बाटली मसाल्याची आणि व्हिनेगरची. फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) दोन, पुढे तांदळाची भाकरी. फुगे सोडताना तेल नीट तापलेलं नसलं तर मैदा तेल पितो, एवढं तळणाऱ्याने सांभाळावं.

गट फुटण्याचं आणखी एक कारण वेग. तरुण पुढे निघून जातात, मागच्या दोघी-तिघी ओशाळतात आणि तिसऱ्या आठवड्यात यायच्या बंद होतात. उपवनसारख्या सरळ रस्त्यावर अंतर ठरवूच नये, वेळ ठरवावा. पंधरा मिनिटं झाली की शिट्टी. जो जिथे असेल तिथून मागे वळेल. सावकाश चालणारे आपोआप पुढे येतात आणि आपापला वेग राखला तर सगळे एकाच वेळी परततात. तलावपाळीला ही युक्ती लागत नाही, कमी फेऱ्या मारल्या की झालं. वेग किती, याचं उत्तर रोझरीत, म्हणजे माळेवरच्या जपात, आहे. चालताना त्यातली ‘नमो मारिया’ ही प्रार्थना सहज म्हणता यावी, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, तो वेग बरोबर. अर्ध्यांनी सुरुवात करायची, अर्ध्यांनी उत्तर द्यायचं, म्हणजे श्वासालाही विसावा मिळतो. रोझरीचे पाच भाग, म्हणजे पाच रहस्यं, वीसेक मिनिटांत होतात, त्यामुळे घड्याळही बघावं लागत नाही. पावसात हेच हॉलमध्ये गोल फिरून करावं. भेगाळलेल्या टाचांनी साचलेल्या पाण्यातून जाणं म्हणजे लेप्टोला (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाला) आमंत्रण.

उपवासकाळात वजनाचा काटा फसवतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून लोक हरखतात. त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरातला साखरेचा साठा संपताना त्याबरोबर धरलेलं पाणीही जातं, आणि ईस्टरच्या जेवणानंतर दोन दिवसांत परत येतं. खरी घट आठवड्याला अर्धा किलो धरावी. त्यासाठी फक्त शुक्रवारी मटण बंद करून भागत नाही, विशेषतः त्याच्या जागी तळलेली सुरमई आली तर. तीच मासळी कालवणात किंवा तव्यावर चमचाभर तेलात करावी. पाच मिलिलिटर तेलाच्या साधारण 40 कॅलरी होतात.

शेवटची विनंती धर्मग्राम (पॅरिश) परिषदांना. हॉलमध्ये सर्वांसमोर वजन करून फळ्यावर आकडे लिहू नयेत. जाड माणूस पहिल्यांदा तिथूनच पळतो. ज्याने त्याने घरी, आठवड्यातून एकदा, एकाच वारी, नाश्त्याआधी वजन करावं आणि सोबत शिंप्याच्या टेपने पोटाचा घेर घ्यावा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

– धर्मग्रामातील काही वाचक, चरई, ठाणे (प.)