दोरीवरचे परकर मोजणाऱ्या आशाताईंना

आशाताई,

तुम्ही आमच्या वस्तीच्या आशा कार्यकर्त्या, एवढंच लिहिते. तुमचं खरं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. सोलापूरच्या विडी घरकुलातल्या बायका ओळखतीलच म्हणा.

सिझरला १४ दिवस झाले होते. तुम्ही बाळाचं वजन करायला आला होतात. काटा पिशवीत टाकता टाकता दोरीकडं बघून म्हणालात, "बाळाची लंगोटं तीन, अन् तुमचे परकर पाच?"

मी मान खाली घातली. चार दिवसांपासून बसल्या जागी लघवी गळत होती. सोलापुरी चादरीची चौघडी करून बसायचे, तीही भिजायची. सासूबाई म्हणायच्या, दुसरं बाळंतपण, अंग सैल झालंय, बसेल हळूहळू. मलाही तेच वाटत होतं.

तुम्ही एवढंच विचारलंत, "खोकल्या-शिंकल्यावरच होतं, का झोपेतसुद्धा?" झोपेतसुद्धा म्हटल्यावर चहाला थांबला नाहीत. "ही कमजोरी नाही. उद्या माझ्यासोबत चला."

दवाखान्यात लघवीच्या पिशवीत निळं औषध भरलं आणि बाळंतपणाच्या वाटेत ठेवलेला कापूस निळा होऊन निघाला. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. लघवीची पिशवी गर्भपिशवीच्या अगदी पुढ्यात असते, सिझर करताना ती खाली सरकवतात. आधीच्या सिझरच्या व्रणाला ती चिकटून बसली असेल तर सोडवताना फाटू शकते. तेव्हाच दिसलं तर तिथल्या तिथं शिवतात. माझं दिसलं नाही. कुणाशी भांडायचं नाही मला, पण घरी सोडताना 'गळायला लागलं तर लगेच या' एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं.

बारीक भोक कधीकधी नुसत्या नळीनं भरून येतं. माझं आलं नाही. सूज उतरू देऊन तीन महिन्यांनी ऑपरेशन झालं, वर पुन्हा तीन आठवडे नळी. बाळासाठीच्या तुमच्या फेऱ्या ४२ व्या दिवशी संपल्या होत्या, तरी तुम्ही येत राहिलात. रिक्षात बसताना नळीला लावलेली पिशवी पदराआड, पण कंबरेच्या खालीच धरायची, नाहीतर लघवी उलटी चढते, हे तुम्हीच शिकवलंत. सासूबाईंना मोरीपाशी नेऊन काय बोललात देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून माझे परकर त्या धुवायला लागल्या.

गेल्या वर्षी गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, मी दवाखान्यात होते. यंदा अक्षता टाकायला गर्दीत उभी राहिले, मग थोरलीला घेऊन पाळण्यातही बसले. पिशवीत बाळाचे दोन जोड होते. माझा एकही नव्हता.

तुमची,
घरकुलातली बाळंतीण